बेरियमचे साडेतीन तास

उमाच्या आतड्याचा एक्स-रे काढायचा असं घरच्या डॉक्टरांनी ठरवलं ते १९८४ सालच्या फेब्रुवारीत. साधा एक्स-रे नव्हे. बेरियम नावाचं पांढरं औषध पिऊन लहान आतड्याचे एकामागून एक फोटो काढायचे, अर्धा दिवस मोडायचा. वर्षभरात उमाचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. ब्लाउज दोनदा आत घेऊन झाले होते, आणि जेवायला बसली की चार घासांत ती ताट सरकवायची. जंताचं औषध झालं, पित्ताच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "एकदा आत बघूनच घेऊ."

तिचा नवरा हरिश्चंद्र शिवलकर रत्नागिरीतच एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होता. बेचाळिशीचा, नीटनेटका, कमी बोलणारा माणूस. वेळ ठरवायला तो उमाला घेऊन मारुती मंदिराच्या बाजूच्या एका एक्स-रे क्लिनिकमध्ये गेला.

टेबलामागे पांढऱ्या कोटातला एक माणूस बसला होता. पस्तिशीच्या आतबाहेरचा, कपाळावरचे केस विरळ झालेला. त्यानं चिठ्ठी वाचली, उमाकडे पाहिलं, चिठ्ठीवरचं नाव पुन्हा वाचलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"राही? अगो, राही ना तू?"

उमा क्षणभर गोंधळली. मग तिचा चेहरा एकदम खुलला.

"धाकू! तू इथे कसा रे?"

हरिश्चंद्र दोघांच्या मधेच उभा होता. तेरा वर्षांच्या संसारात कुठल्याही परक्या पुरुषाला 'अरे-तुरे' करताना त्यानं उमाला ऐकलं नव्हतं. आणि राही! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'उमा' हे नाव त्यानं स्वतः कोरलं होतं. तेव्हापासून तिचे आईवडीलदेखील जावयासमोर तिला उमाच म्हणत. हे दुसरं नाव इतक्या सहज कुणाच्या तोंडी येऊ शकतं, हे त्याला आज कळलं.

धाकू दापोलीजवळच्या मुरुडचा, उमाच्या माहेरच्या शेजारचा. सातवीपर्यंत दोघं एकाच शाळेत होती. पुढे तो मुंबईला मामाकडे राहून एक्स-रेचं काम शिकला आणि गेल्या दिवाळीपासून इथे नोकरीला लागला होता. हे सगळं दोघांनी एकमेकांना दोन मिनिटांत सांगून टाकलं. हरिश्चंद्रनं घसा खाकरला, तेव्हा धाकू त्याच्याकडे वळून "नमस्कार साहेब" म्हणाला आणि पुन्हा उमाशीच बोलू लागला.

"हे बघ, आदल्या रात्री हलकं जेव. मऊ भात नि वरणाचं पाणी, बस्स. नऊनंतर काही खायचं नाही. सकाळी चहा नाही, पाणीसुद्धा नाही. मशेरी लावतेस?"

"शी! मी कधी लावली मशेरी?"

"विचारावं लागतं गो. आतडं रिकामं असलं तर औषध नीट पसरतं. दुखत नाही, टोचत नाही, पण वेळ लागतो हां. कुणाचं दीड तासात आटपतं, कुणाला पाच तास लागतात. औषध लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर फोटो काढत राहायचं." मग त्यानं आवाज खाली आणला. "पाळी कधी आली होती?"

"शनिवारी," उमा म्हणाली.

"मग मंगळवारी ये. दिवस गेलेले असले तर हा एक्स-रे काढत नाहीत, म्हणून विचारलं."

हरिश्चंद्रच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. "हे डॉक्टरांनी विचारायचं असतं ना?"

"डॉक्टरही विचारतील, साहेब. आम्ही सगळ्याच बायकांना विचारतो."

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच ते हरिश्चंद्रला जास्त झोंबलं. घरी पोचल्यावर पायातल्या वहाणा काढताना तो म्हणाला, "हा धाकू तुझ्या चांगल्याच ओळखीचा दिसतो."

"शेजारचाच तो. शाळेत बरोबर जायचो आम्ही."

"बरोबर म्हणजे?"

"बरोबर म्हणजे चालत," उमा म्हणाली आणि हसली. तो हसला नाही.

मंगळवारी सकाळी आठला ती दोघं क्लिनिकमध्ये पोचली. उमाच्या ओठांना कोरड पडली होती. गंगुबाई नावाची आया तिला आत घेऊन गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं हरिश्चंद्रच्या हातात रुमालाची एक पुरचुंडी ठेवली. आत मंगळसूत्र होतं.

"हे का काढलं?"

"पोटापर्यंत येतं ना ते. फोटोत मणी उमटतात. धाकूभाऊ म्हणाले, यजमानांकडे द्या."

धाकूभाऊ म्हणाले. हरिश्चंद्रनं पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि तो बाकावर बसला. समोरच्या दारावर लाल दिवा होता. तो लागला की आत कुणी जायचं नाही अशी पाटी होती.

थोड्या वेळानं क्लिनिकचे डॉ. वैशंपायन आले. म्हातारे, उंच, डोळ्यांवर लाल काचांचा जाड चष्मा. काळोखात पडद्यावरची सावली दिसावी म्हणून डोळे आधीपासून सरावावे लागतात, त्यासाठी तो चष्मा. म्हणजे आत काळोख करतात, एवढंच हरिश्चंद्रनं त्यातून उचललं. आत डॉक्टर आहेत, आया आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी लाल दिवा लागला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर फक्त दोघंच आली.

दाराची फट उघडी राहिली तेव्हा त्याला दिसलं, उमा हिरव्या झग्यात टेबलाच्या कडेला बसली होती नि तिच्या हातात मोठा पेला होता. धाकू सांगत होता, "नाक धरून पिऊ नको, तसं केलंस तर उलटी येईल. बेताबेतानं घोट घे. घावनाचं पीठ समज, मीठ घालायला विसरलेलं."

"खडूचा डबा ओतलायस रे यात," उमा म्हणाली.

"अजून एक पेला आहे."

पहिला फोटो झाला. मग उजव्या कुशीवर निजवलं, म्हणजे औषध पोटातून लवकर पुढे सरकतं. पाव तासानं दुसरा. "श्वास घे... धर... सोड." हा आवाज दारातून दर वेळी तसाच यायचा आणि दर वेळी हरिश्चंद्र बाहेर बसून स्वतःचाच श्वास धरायचा. आपली बायको या माणसाच्या सांगण्यावरून श्वास घेते आणि सोडते, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. दर अर्ध्या तासानं दार उघडायचं, ती आत जायची, लाल दिवा लागायचा, विझायचा.

दोन फोटोंच्या मधे तिला व्हरांड्यात फेऱ्या मारायला सांगितलं होतं, आतड्याची चाल वाढावी म्हणून. झग्यावर शाल पांघरून ती एकटीच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. हरिश्चंद्र बाकावरून पाहत राहायचा.

"किती राहिलं?" त्यानं एकदा विचारलं.

"धाकू म्हणतो, औषध हळू चाललंय."

"धाकू म्हणतो," तो पुटपुटला. तिला ऐकू गेलं. ती पुढे चालत गेली.

अकरा वाजता आतून हसू ऐकू आलं. उमाचंच. घरात हे हसू किती महिन्यांत ऐकलं नव्हतं ते आठवायचा हरिश्चंद्रनं प्रयत्न केला आणि त्याला आठवेना. शाळेतल्या कुण्या मास्तरांची गोष्ट चालली होती. मास्तर होडीतून पडले आणि छत्री मिटायला विसरले, असलं काहीतरी. गंगुबाईही हसत होती. पण हरिश्चंद्रला ऐकू आलं ते एकच हसणं.

साडेअकराचा फोटो झाला. साडेतीन तास. दार पुरतं लागलं नव्हतं. धाकू हातातली ओली फिल्म उजेडाकडे धरून विचारत होता, "राही, खरं सांग. इथे उजवीकडे, खाली, दुखतं का तुला?"

"जेवल्यावर तासाभरानं दुखतं," उमाचा आवाज आला. "कळ येते. मग तिथे गोळा येतो, हाताला लागतो. गुडगुड होतं आणि गोळा उतरतो. कधीकधी ओकून टाकते मागच्या पडवीत जाऊन. ओकलं की बरं वाटतं."

"किती दिवस?"

"वर्ष झालं. जास्तच."

"नि कुणाला सांगितलं नाहीस?"

यावर ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हरिश्चंद्र उठून उभा राहिला होता. वर्षभर ही बाई आपल्या शेजारी झोपत होती, आपल्याला वाढत होती, आणि तिच्या पोटात गोळा येतो हे तिनं सांगितलं या माणसाला. मग त्यानं दार ढकललं.

"उमा, कपडे बदल. निघू या."

धाकू फिल्म हातात धरून वळला. "साहेब, अजून संपलं नाही. औषध शेवटच्या वळणाशी आलंय आणि तिथे रेंगाळतंय. पुढची फिल्म तासाभरानं घेऊ. मग डॉक्टर पडद्यावर बघत पोट दाबून ती जागा मोकळी करून पाहतील. तीच फिल्म महत्त्वाची."

"पुष्कळ फोटो झाले. मला कचेरी आहे."

"तुम्ही कचेरीत जाऊन या. ती इथे बसेल. गंगुबाई आहे."

हे त्यानं सांगायला नको होतं. हरिश्चंद्रचा आवाज चढला. "माझ्या बायकोनं कुठे बसायचं ते मी ठरवीन."

उमानं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा धाकूकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठांच्या कडेला वाळलेलं औषध होतं. "अहो, तासाभराचाच प्रश्न आहे," ती हळू म्हणाली.

"चल म्हटलं ना."

ती गंगुबाईबरोबर कपडे बदलायला गेली. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. धाकूनं एक कागद पुढे केला. तपासणी अर्धवट सोडून आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत, असं त्यावर लिहून हरिश्चंद्रनं वळणदार सही केली. उमा बाहेर आली तेव्हा धाकू तिला एवढंच म्हणाला, "पाणी भरपूर पी. दोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नको. झालंच नाही तर इसबगोल घे."

आठवड्यानं अहवालाचं पाकीट आणायला हरिश्चंद्र एकटाच गेला. धाकू आत होता, पाकीट गंगुबाईनं दिलं. इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाविषयी मत देता येत नाही, तिथे औषध अडल्यासारखं वाटतं, तपासणी पुन्हा आणि पूर्ण करावी. त्यानं ते दोनदा वाचलं. मग कचेरीत जाऊन पाकीट ड्रॉवरच्या तळाशी, जुन्या छापील फॉर्मांखाली ठेवून दिलं आणि कुलूप लावलं.

घरी आल्यावर उमानं विचारलं, "काय आलं?"

"काही निघालं नाही."

"मग दुखतं ते?"

"वाताचं असेल."

ते म्हणताना त्याला लाज वाटली. पण पुन्हा तो बाक, तो लाल दिवा, 'श्वास घे, धर' म्हणणारा तो आवाज, हे नको, या सगळ्यापुढे ती लाज लहान पडली. घरच्या डॉक्टरांकडे तो गेलाच नाही. पंधरा दिवसांनी क्लिनिकचं कार्ड आलं, कचेरीला निघताना फाटकातच पोस्टमननं त्याच्या हातात दिलं. 'सौ. उमा शिवलकर यांस, आपली शेवटची फिल्म राहिली आहे. कृपया लवकर यावे.' अक्षर कुणाचं हे त्यानं ओळखलं. कचेरीच्या वाटेवर त्यानं कार्डाचे चार तुकडे केले आणि गटारात टाकले.

त्या दिवसांत तो उमावर लक्ष ठेवू लागला. ती बाजारातून उशिरा आली की कुठून आलीस विचारायचा. ती गुणगुणली तर थांबून ऐकायचा. एकदा रात्री जेवताना त्यानं उगाच विचारलं, "मास्तर होडीतून पडले ते कुठले गो?" उमानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमचे गणिताचे," ती म्हणाली आणि उठून गेली. तिनं पुढे सांगावं असं त्याला फार वाटत होतं आणि तिनं सांगितलं असतं तर त्याला राग आला असता, हेही त्याला कळत होतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी दुपारी उमाला उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. पोट फुगून तट्ट झालं, आणि ती गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडली. हरिश्चंद्रची आई यमुनाबाई ओरडत अंगणात धावली. रिक्षात घालून उमाला दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घातली, सलाइन लावलं. सर्जननी पोटावर हात ठेवला, ते फुगलेलं आतडं बाहेरून दिसत होतं.

"आतडं अडलंय," ते म्हणाले. "पूर्ण अडलं नसावं, चोवीस तास वाट बघू. नाहीतर उघडावं लागेल. यांचं बेरियम झालंय असं तुमच्या आई म्हणतात. त्यात काय आलं?"

हरिश्चंद्र म्हणाला, "ते... ते अपुरं राहिलं."

सर्जन कागदावर लिहीत होते ते थांबले. उमानं डोळे उघडले. नाकातल्या नळीमुळे तिला बोलता येत नव्हतं, पण तिनं ऐकलं होतं.

ऑपरेशनची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट उतरायला लागलं. चौथ्या दिवशी नळी काढली आणि तिला पातळ पेज दिली. हरिश्चंद्र वाटी धरून बसला होता. तिनं तीन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

"तुम्ही म्हणालात, काही निघालं नाही."

त्यानं चमचा वाटीत सरळ ठेवला.

"कागद कुठे आहे?"

"कचेरीत. ड्रॉवरमध्ये."

"का?"

त्यानं वाटीकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "तू त्याला सगळं सांगितलंस. गोळा येतो, ओकतेस. मला एका शब्दानं बोलली नव्हतीस."

"त्यानं विचारलं," उमा म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीला कुणीतरी उठवून बसवत होतं. हरिश्चंद्रला वाटलं, आता इथेच थांबावं. पण महिनाभर जे जिभेवर होतं ते त्याला गिळता येईना.

"तुझं नि त्याचं काही होतं?"

"माझ्या बाबांनी त्याच्या घरी विचारलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "त्याची आई नको म्हणाली, मुलगा अजून शिकतोय म्हणाली. मग तुमचं स्थळ आलं. तेव्हा मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी हळद लागली. तेरा वर्षं झाली त्याला. तुम्हाला याहून वेगळं ऐकायचं असेल, तर मी खोटं नाही बोलणार. खोटं तुम्ही बोललात."

हरिश्चंद्रनं वाटी खाली ठेवली. संशय खरा ठरला की मन हलकं होतं असं त्याला कुठेतरी वाटत होतं. तसं झालं नाही. ती दोन दिवस रडली होती, हे त्याला आता जन्मभर माहीत असणार होतं.

पुन्हा वेळ ठरवायला तो क्लिनिकमध्ये गेला. दुसरीकडे कुठे ही तपासणी करायची तर कोल्हापूरला जावं लागलं असतं, आणि उमानं स्पष्ट सांगितलं होतं, "तिथेच करीन."

धाकूनं वही उघडली. "कार्ड मिळालं नव्हतं, साहेब?"

"मिळालं होतं."

"मग?"

"फाडलं मी."

धाकूनं पेन खाली ठेवलं. वाटलं, आता हा काहीतरी जन्माचं लागेल असं बोलणार, आणि हरिश्चंद्रला ते हवंही होतं. पण तो म्हणाला, "तासभर थांबला असतात तर तिच्या नाकात नळी गेली नसती, बहुतेक." मग त्यानं पेन उचललं. "गुरुवारी आणा. आदल्या रात्री नऊनंतर काही नको. पाणीही नाही."

गुरुवारी सव्वापाच तास लागले. हरिश्चंद्रनं रजा टाकली होती. मत्सर कमी झाला होता म्हणावं तर तसंही नाही. दार लागलं की त्याचे कान तसेच आत लागायचे. आत कुणी हसत नव्हतं, तर त्याला वाटायचं, आपल्यामुळे हसत नाहीत. पण तो बाकावरून हलला नाही. उमा फेऱ्या मारायला व्हरांड्यात आली, तेव्हा तोही तिच्या बरोबरीनं चालू लागला. दोन फेऱ्या झाल्या.

"आता दुखतंय?" त्यानं विचारलं.

"आता नाही. औषध प्यायल्यावर मळमळलं."

"चव कशी असते?"

तिनं मान वळवून पाहिलं. "भिंतीला लावायच्या चुन्यासारखी. थंडगार. घशाखाली उतरतं ते कळतं, मग कळायचं बंद होतं."

"आणि ते टेबल?"

"ते पण थंड. मधेच पालथं निजवतात, आतड्याच्या वळ्या सुट्या व्हाव्यात म्हणून. डॉक्टर लाकडाच्या गोल चमच्यासारखं काहीतरी घेऊन पोट दाबतात. दुखत नाही, पण जीव घाबरतो. काळोख असतो ना."

त्या काळोखाबद्दल हरिश्चंद्रनं पुष्कळ काही मनात आणलं होतं. तिला भीती वाटत असेल, हे मात्र आणलं नव्हतं.

सव्वा वाजता डॉ. वैशंपायननी त्याला आत बोलावलं. भिंतीवर पांढऱ्या काचेमागे दिवे होते आणि त्यावर फिल्मा ओळीनं अडकवल्या होत्या. धाकूनं पेन्सिलीचं टोक शेवटच्या फिल्मवर ठेवलं.

"हे बघा साहेब, हे लहान आतडं. असं रुंद येतंय, येतंय, आणि इथे बघा."

पांढरा पट्टा फुगत गेला होता आणि मोठ्या आतड्याला मिळण्याआधी, चार बोटांच्या अंतरात, एकदम सुतळीएवढा बारीक झाला होता. त्या सुतळीतून औषध थेंबाथेंबानं पलीकडे गेलं होतं.

"आतड्याचा क्षय असावा," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे पुष्कळ दिसतो. औषधानं बरा होतो. पण महिनाभर आधी यायला हवं होतं तुम्ही."

हरिश्चंद्रनं मान हलवली. आपल्या बायकोच्या पोटातली ती अरुंद जागा पेन्सिलीनं दाखवणारा हात त्याला दिसत होता. त्या हातानं ती जागा आधी शोधली होती, आणि आपण ती झाकली होती. त्या हाताचा त्याला राग आला, आणि तो हात नसता तर काय झालं असतं, याची भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी झालं.

औषधं दीड वर्ष घ्यायची होती. पहिले दोन महिने रोज सुई. हरिश्चंद्र सकाळी तिला सुईला नेऊन मग कचेरीत जाऊ लागला. अहवालाचं पाकीट त्यानं ड्रॉवरमधून काढून घरी आणलं आणि उमाच्या हातात दिलं. तिनं उघडून पाहिलं नाही, कपाटात ठेवलं. कित्येक दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. यमुनाबाईंनी एकदा विचारलं, "काय रे, काय बिनसलंय तुमचं?" तेव्हा तो म्हणाला, "माझं चुकलंय, आई." याहून जास्त त्याला सांगता आलं नाही. पण एवढंही तो पूर्वी कधी म्हणाला नव्हता.

नोव्हेंबरात पुन्हा एक्स-रे काढायचा होता, जागा उघडली का ते बघायला. उमा म्हणाली, "मी एकटी जाईन."

"मी येतो ना."

"नको. तुम्ही कचेरीत जा."

तो गेला. त्या दिवशी त्यानं एकही फाइल धड वाचली नाही. आठला औषध, सव्वाआठला उजवी कूस, मग दर अर्ध्या तासाला फोटो, सगळं त्याला पाठ होतं. अकराला तो टोपी घालून दारापर्यंत गेला. शिपाई म्हणाला, "साहेब, बाहेर?" हरिश्चंद्र परत येऊन खुर्चीवर बसला. आता दिवा लागला असेल. आता ती हसली असेल. आता तो तिला राही म्हणाला असेल. प्रत्येक गोष्ट त्यानं मनात पाहिली आणि प्रत्येक वेळी टेबलाची कड घट्ट धरून बसून राहिला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा उमा पडवीत बसली होती. पाय लांब करून, निवांत.

"दोन तासांत झालं," ती म्हणाली. "आतडं उघडलंय. औषध सरळ पलीकडे गेलं."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर नंतर म्हणाले. आधी धाकू म्हणाला, ओली फिल्म हातात असतानाच."

म्हणजे ही बातमीसुद्धा त्यालाच आधी कळली. हरिश्चंद्रच्या मनात ते आलंच. तो पायरीवर बसला. मग त्याला एकदम इतकं सुटल्यासारखं झालं, की चष्मा काढून पुसावा लागला.

"त्याला मुलगी झाली," उमा सांगत होती. "रविवारी बारसं आहे. दोघांना बोलावलंय."

"जाऊ या," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "मला त्याचा अजून राग येतो."

"माहीत आहे मला," उमा म्हणाली. "मला तुमचा येतो. होईल कमी."

ती उठून चहा टाकायला आत गेली.